बांधलेलं वारं

मार्तंडबाबाच्या मठात दिव्याची ज्योत हलत नव्हती. ती न हलणारी ज्योत बघायला मिरजगावजवळची आमची सगळी वस्ती लोटली होती. बाहेर खडी क्रशरच्या भुकटीनं डोळे उघडवत नव्हते आणि आत बाबा सांगत होता, "वारं बांधलंय म्या. भिंत न्हाई, छप्पर न्हाई." मठाभोवती बांबूंना हिरवी जाळी होती, पण ते 'देवाचं वस्त्र'. त्याला हात लावायचा नाही.

आमचा घात 'वारं' या शब्दानं केला. धूळ उडवतं ते वारं, अंगात येतं तेही वारंच. धुळीनं पोर खोकलं की वारं लागलं म्हणायचं आणि मठाकडे पळायचं. बाबा अंगारा चाटवी, औषध बंद करी.

मठासमोरच्या शाळेत मी शिकवते. त्या दुपारी माझ्या वर्गातली सुकन्या आईच्या, रोहिणीच्या, मांडीवर दिव्यापुढे पडली होती. ओठ निळसर, छातीतून शिट्टी. दम्याचा पंप कुठे आहे, मी विचारलं.

"बाबांनी बंद केलाय. सबिहाबाई, त्यांनी एवढं वारं बांधलं. माझ्या लेकीचं एवढंसं बांधनार न्हाईत व्हय?"

समजावायला वेळ नव्हता, दाखवायलाच हवं होतं. पोरीला पदरात गुंडाळून, दिवा उचलून मी शाळेकडे धावले. रोहिणी मागे, लोक तिच्यामागे, बाबाचे शाप सगळ्यांच्या मागे. वाटेत दिवा विझला. शाळेच्या वाऱ्याकडच्या अंगाला मी रोपवाटिकेतली जुनी शेडनेट, मठासारखीच हिरवी जाळी, सुतळीनं ताणून बांधली होती. तिला देवाचं नाव नव्हतं, म्हणून कुणी बघितली नव्हती. तिच्याआड दिवा पुन्हा लावला. ज्योत हलली नाही.

रोहिणी बघतच राहिली. "तुमी कंचा मंतर म्हनला?"

"सुतळी," मी म्हणाले.

तिनं कनवटीतून पंप काढला. टाकून द्यायचा धीर झाला नव्हता तिला. पंप देतच आम्ही सुकन्याला टेम्पोतून दवाखान्यात नेलं.

सुकन्या वाचली. गेल्या उन्हाळ्यात आमच्याच वस्तीतल्या बनुबाईचा नातू वाचला नाही. त्यालाही वारंच लागलं होतं म्हणे.

जाळीच्या भोकांतून जाताना वारा मंदावतो आणि मंदावला की धूळ खाली टाकतो. जाळीच्या पायथ्याशी साचलेला ढीग कुणीही बघावा. धूळ अजून येतेच आहे. तेव्हा जाळ्या बांधा, क्रशरवाल्याला भुकटीवर पाणी मारायला भाग पाडा. आणि पोराला धाप लागली तर आधी डॉक्टर गाठा. दिवा बघत बसू नका.