सगळ्यांना माहीत होतं

पाणीपुरवठ्याच्या पंपावरची ऑपरेटरची जागा आमच्या ताईला मिळाली नाही. हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. आमच्या घरीही ते अजून कोणी उच्चारलेलं नाही. आईने ताईच्या नोकरीसाठी तीन कप्प्यांचा डबा घेतलाय आणि रोज सकाळी ती तो धुऊन पालथा घालते. तेव्हा निकाल लागायचाय, असंच धरून चालू.

आमची वाडी ओढ्यापलीकडे. एकोणीस घरं. गाव साडेचार किलोमीटरवर, आणि दोघांच्या मध्ये एक बस. ती आम्हाला अकराला गावात सोडते आणि चारला परत उचलते. फोनची रेंज वाडीत एका दगडावर येते. त्यावर एका वेळी एकच माणूस मावतो, आणि तो बहुतेक वेळा आमचे काका असतात.

या एकोणीस घरांच्या पाण्याच्या मोटारी ताई दुरुस्त करते. मोटार बंद पडली की ती आधी तिच्यावर हात ठेवते, ताप बघावा तसा, आणि म्हणते, "बेअरिंग गेलंय." गेलेलंच असतं. तिच्याकडे मोटार दुरुस्तीचं सर्टिफिकेट आहे, सात वर्षांचा अनुभव आहे, आणि गावाच्या पंपावर जागा निघेल म्हणून ती दोन वर्षं थांबली होती. महिन्यातून एकदा गावातल्या सरकारी ऑफिसात जाऊन विचारूनही यायची.

एका सोमवारी बारक्या आमच्या दारात आला. बारक्या सहा फूट उंच आहे. ऑफिससमोर टपरी चालवणाऱ्या चहावाल्या मावशीचा भाचा.

"ताई, पंप चालू कसा करतात गं?"

"कोणाचा?"

"माझा. म्हणजे गावाचा. ऑपरेटर म्हणून निवड झाली ना माझी."

ताईने पाना घेतला, त्याला आमच्या विहिरीवर नेलं आणि तासभर शिकवलं. बारक्याने सगळं वहीत उतरवून घेतलं, 'हिरवं बटण' खाली दोनदा रेघ मारून. मग ताईने विचारलं, "जाहिरात कधी आली होती?"

"झाला की महिना. सगळ्यांना माहीत होतं." मग तिच्या तोंडाकडे बघून त्याचा चेहरा पडला. "तुला नव्हतं? मला वाटलं, तुला नको असेल. अगं, एकच अर्ज आला, माझा. पण यादी अजून कच्ची आहे. शुक्रवारपर्यंत हरकत घेता येते. घे तू. खरंच घे. मला त्या मशीनची भीती वाटते."

मला खरं तर राग यायला हवा होता. आली उत्सुकता. हा दोष शाळेपासून माझ्या प्रगतिपुस्तकात नोंदलेला आहे. सगळ्यांना माहीत होतं, तर मग सगळे म्हणजे नक्की किती जण?

बुधवारी आम्ही दोघं बसमध्ये बसलो. मी वही घेतली होती. सुरुवात कंडक्टरपासून केली.

"पंपाची जागा? माहीत होती की," तो म्हणाला. "मावशीने सांगितलं, चहा पिताना."

"मग आम्हाला का नाही सांगितलं?"

"तुम्ही ऑफिसातच तर जाता! ऑफिसात जाणाऱ्याला ऑफिसची बातमी मी सांगायची? उद्या म्हणाल, बस आली तेही सांग."

मी वहीत एक आकडा वाढवला.

चहावाल्या मावशीने आम्हाला बसायला स्टूल दिलं. तिने काहीच लपवलं नाही. कारकून रोज साडेदहाला तिच्याकडे चहा घेतो, तेव्हा तो बोलला. मग ती शिंप्याला बोलली, न्हाव्याला बोलली, सायकलवाल्याला बोलली. मी पावलं मोजली. या सगळ्या खबरीने एकूण चौसष्ट पावलं प्रवास केला होता. आम्हाला ज्यांच्या ज्यांच्याकडून कळलं असतं, त्यांना प्रत्येकाला वाटत होतं की आम्हाला दुसऱ्याने सांगितलं असेल. 'सगळे' म्हणजे तेवीस जण निघाले, कंडक्टर धरून.

"फोनवर गावाचा ग्रुप आहे ना, मावशी?"

"आहे की. पण त्यात सगळी इथलीच माणसं. रोज भेटतात. त्यांना काय टाकायचं?"

ताई म्हणाली, "वही मिट. मोजून झालं असेल तर आत चल."

कारकून वाईट माणूस नव्हता. त्याने चष्मा पुसून ताईचा हरकतीचा अर्ज पूर्ण वाचला.

"जाहिरात दिसली नाही म्हणता. अहो, तुम्ही मागे विचारून गेलात ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी दारावर लावलीय. महिनाभर."

"कुठल्या दारावर?"

"याच."

आम्ही दाराकडे बघितलं. दार बाहेरच्या बाजूला उघडतं आणि भिंतीला टेकून उभं राहतं. हलू नये म्हणून खाली दगड लावलेला. कोरी आतली बाजू आमच्याकडे होती. जाहिरात बाहेरच्या बाजूला, म्हणजे दार आणि भिंतीच्या मध्ये.

"म्हणजे दार बंद असेल तेव्हाच ती दिसते," ताई म्हणाली.

"हो. सकाळी दहाच्या आधी आणि साडेपाचनंतर. कोणीही यावं, वाचावं. मुक्तद्वार."

"आमची बस अकराला येते आणि चारला जाते."

"बस आमच्या खात्यात येत नाही हो, ताई."

मी विचारलं, "मग आतल्या बाजूला लावा ना."

"आतल्या बाजूला लावलं की ती अंतर्गत सूचना होते. ती जनतेने वाचायची नसते."

"बरं, दोन मिनिटं दार लोटा. आम्ही बघतो."

कारकुनाने मान हलवली. "कार्यालयीन वेळेत दार बंद दिसता कामा नये. मागे एकदा तक्रार झाली होती. आमच्या साहेबांची बदली झाली त्यात."

ताईने पुढे वाद घातला नाही. तिने फोनचा कॅमेरा चालू केला, भिंतीला खांदा लावला आणि मोटारीच्या झाकणाआड घालावा तसा हात दारामागच्या फटीत घातला. फोटो काढला. हात थोडा खाली सरकवला, आणखी एक काढला. असे अकरा.

बाहेरच्या बाकावर बसून आम्ही ते बघितले. पंपाची जाहिरात होती, स्वच्छ, शिक्क्यासकट. पण तिच्या कडेने जुन्यांची टोकं बाहेर आली होती, एकावर एक चिकटवलेली. मोफत चष्मे. मुलींना सायकली. संगणक प्रशिक्षण, वीस जागा. त्या वर्षी मी काहीच करत नव्हतो आणि विसात सहज बसलो असतो. सगळ्यात खाली, पिवळी पडलेली, मोटार रिवाइंडिंगचा प्रगत कोर्स, राहण्याजेवणासकट. ताईने ती बोटांनी मोठी केली. पुन्हा लहान केली.

"पाच वर्षं झाली याला," ती म्हणाली. एवढंच.

आम्ही फोटो छापून हरकतीला जोडले आणि शुक्रवारी निर्णय आला. कारकुनाने तो स्वतः वाचून दाखवला, आवाज जरा खाली ठेवून. 'अर्जदाराने सादर केलेल्या छायाचित्रात जाहिरात स्पष्ट दिसत आहे. सबब, जाहिरात दिसत नाही ही हरकत फेटाळण्यात येते.'

बारक्या बाहेर थांबला होता. त्याला आमच्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. "ताई, असं करू. सही मी करतो, बाकी पंप तूच चालव."

"सही करता येते ना नीट?" ताईने विचारलं.

"येते."

"मग तेवढं तरी तुझं तू कर. हिरवं बटणही तूच दाब."

बसला अजून अर्धा तास होता. ताईने माझ्याकडून वही मागून घेतली, तेवीस नावांचं पान उलटलं आणि म्हणाली, "मी सांगते, तू लिही. तुझं अक्षर बरं आहे." मी लिहिलं. बस यायच्या आत कारकुनाकडे दिलं. त्याने पोच दिली, शिक्का मारून.

'विषय : कार्यालय बंद ठेवणेबाबत.

महोदय, ओढ्यापलीकडील एकोणीस घरांतील रहिवासी आपल्या कार्यालयात केवळ सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळेतच येऊ शकतात. सदर वेळेत कार्यालय उघडे असल्यामुळे आम्हाला कोणतीही माहिती मिळत नाही. तरी कामकाजाच्या सर्व दिवशी, बस आल्यापासून बस जाईपर्यंत, आपले कार्यालय पूर्णपणे बंद ठेवण्यात यावे, ही नम्र विनंती.'