चौतीस नंबरची मुलगी

शिट्टी वाजली तेव्हा रेलिन नाक धरून वाकली होती आणि तिच्या पांढऱ्या जर्सीवरच्या बारा आकड्यावर रक्ताचे थेंब पडत होते. समोरच्या संघातल्या मुलीचं कोपर लागलं होतं. मुद्दाम नव्हे, पण लागलं ते नेमकं. पंचबाईंनी रेलिनला बाहेर पाठवलं आणि बाकाकडे बघून म्हणाल्या, "रक्ताची जर्सी चालणार नाही, कोच. बदला, नाहीतर बसवा."

लोवेल स्टॅम्पर एकसष्ट वर्षांचे. केंटकीच्या पूर्वेकडच्या डोंगरात एका सरकारी शाळेत ते गणित शिकवत आणि एकतीस हिवाळे मुलींच्या बास्केटबॉल संघाचे कोच होते. रक्त बघून गडबडून जाण्याचं वय त्यांनी कधीच मागे टाकलं होतं. त्यांनी रेलिनचं डोकं पुढे झुकवलं, नाकपुडीत कापूस घातला आणि निळी पिशवी उघडली. पिशवीत जास्तीची अशी एकच जर्सी होती, चौतीस नंबरची. ती शेल्बी औस्लीची. शेल्बीचा घोटा मुरगळला होता, त्यामुळे ती लुईव्हिलच्या या स्पर्धेला आलीच नव्हती. पण पिशवीत बाराच्या बारा जर्सी असल्याच पाहिजेत, हा स्टॅम्परांचा नेम होता.

"ढगळ होईल," रेलिन नाकातून बोलली.

"होऊ दे. तुला खेळायचंय की फोटो काढायचाय?"

ती हसली, आणि कापूस बाहेर आला. दुसरा घालावा लागला.

स्टॅम्पर धावत गुणलेखकांच्या टेबलाशी गेले. "बाराची चौतीस झाली," त्यांनी सांगितलं. तिथल्या बाईंनी वहीत बारावर काट मारली, वर चौतीस लिहिलं आणि मान हलवली. काम झालं. एकतीस वर्षं हे काम असंच होत आलं होतं. शाळेच्या सामन्यात टेबलाला सांगितलं की टेबलावरचा माणूस ध्वनिक्षेपकावरून साऱ्या गावाला सांगे, आणि गाव त्यावर दोन विनोदही करून घेई.

इथे ध्वनिक्षेपक नव्हता. एका छताखाली साठ कोर्ट होती, साठ शिट्ट्या एकाच वेळी वाजत होत्या, आणि कुणाला कुणाचं ऐकू येत नव्हतं.

पूर्वी अशी वेळ नव्हती. हिवाळ्यात कॉलेजांचे कोच बर्फातून घाट चढून शाळेच्या जिममध्ये येत. स्टॅम्परांच्या बायकोच्या हातचा घेवड्याचा रस्सा आणि मक्याची भाकरी खात आणि विचारत, मुलगी अभ्यासात कशी आहे, हरल्यावर कशी वागते, आईला उलटून बोलते का. आता घाट चढून कुणी येत नसे. जुलैतल्या ठरलेल्या मोजक्या दिवसांत शेकडो कॉलेजांचे कोच अशाच एखाद्या हॉलमध्ये जमत. बास्केटमागच्या रेषेला लागून मांडलेल्या खुर्च्यांत ते बसत, छातीवर कॉलेजचं नाव आणि मांडीवर जाडजूड माहितीपुस्तिका. तिच्यात प्रत्येक संघातल्या मुलीचा नंबर, नाव, उंची आणि फोन. त्या दिवसांत त्यांना मुलींशी किंवा त्यांच्या कोचशी बोलायची सक्त मनाई. बघायचं, नंबर टिपायचा आणि पुढच्या कोर्टावर जायचं. या दिवसांत जी मुलगी दिसली नाही, ती जणू खेळतच नव्हती.

शहरातले मोठे क्लब उन्हाळाभर मुलींना गावोगाव फिरवत. पण ते ज्याला परवडे त्याचं काम. रेलिनचा बाप, डेनव्हर स्लोन, जिल्हा रुग्णालयाच्या धुलाईखान्यात चादरी धूत असे. म्हणून स्टॅम्परांनीच गावातल्या मुलींचा उन्हाळी संघ बांधला, फॉर्म भरले, चर्चची गाडी मागून घेतली आणि स्वतः चालवत तिला इथवर आणलं. बाकीच्या मुली हौसेनं आल्या होत्या. रेलिनचं तसं नव्हतं. शाळेचं एकच वर्ष उरलं होतं आणि कॉलेज मिळालं तर ते खेळाच्या शिष्यवृत्तीवरच मिळणार होतं. नाही मिळालं तर धुलाईखान्यात एक जागा रिकामी होती, आणि डेनव्हरनं ती तिच्यासाठी बोलूनही ठेवली होती. नाइलाज म्हणून, पण ठेवली होती.

दुसऱ्या डावात ढगळ जर्सीतली रेलिन अशी खेळली की स्टॅम्पर सूचना द्यायचेही विसरले. सातवीत तिचा उजवा हात मोडला होता. तो सबंध हिवाळा त्यांनी तिला बसू दिलं नाही. चेंडू टाकणं, झेलणं, फळ्यावर गणित सोडवणं, सगळं डाव्या हातानं करून घेतलं. आता ती उजवीकडे बघत डावीकडे चेंडू द्यायची, आणि समोरची मुलगी रिकाम्या हवेला अडवत राहायची.

तेवढ्यात शेजारच्या कोर्टावरून हिरव्या सदऱ्यातली एक बाई येऊन खुर्चीत बसली. थोडा वेळ मागे रेलून, मग पुढे वाकून. तिनं पुस्तिका उघडली, बोट फिरवलं आणि लिहायला लागली. एका ओळीवर न थांबता लिहीतच राहिली. एकतीस वर्षांत स्टॅम्परांनी कोचांची पेनं पुष्कळ पाहिली होती. हे पेन कशासाठी चालतंय, ते त्यांना कळलं. दोघांची नजरानजर झाली, आणि नियम पाळणाऱ्या माणसासारखी तिनं लगेच नजर खाली घातली.

परतताना गाडीत मुली झोपल्या तेव्हा ते शेजारच्या सीटवरच्या रेलिनला एवढंच म्हणाले, "आज तुला कुणीतरी पाहिलं."

 तिनं रक्ताची जर्सी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून मांडीवर घेतली होती. "ही बाबांकडे देते," ती म्हणाली. "रक्त काढणं त्यांच्याकडून शिकावं."

ऑगस्टमध्ये ती रोज सकाळी शाळेच्या जिममध्ये यायची. पहिल्या आठवड्यात फोन बाकावर उताणा ठेवायची आणि प्रत्येक दहा फेकींनंतर एकदा तिकडे बघायची. स्टॅम्पर चेंडू परत देत आणि काही दिसलं नाही असं दाखवत. तिनं एकदाच विचारलं, "त्या बाई नक्की माझ्याकडेच बघत होत्या ना, कोच?" ते म्हणाले, नक्की. महिना संपता संपता फोन पालथा पडू लागला. मग तो पिशवीतच राहू लागला.

सप्टेंबरात शाळा सुरू झाल्यावर एका दुपारी शेल्बी औस्ली घोटा दाखवायला आली. शेल्बी म्हणजे बडबडीचं मशीन. केस कापायच्या शाळेत जायचं तिनं आठवीतच ठरवलं होतं. बास्केटबॉल ती खेळायची मैत्रिणींसाठी आणि प्रवासातल्या खाण्यासाठी.

"कोच, तुम्ही मला उगाच बाकावर बसवता," ती म्हणाली. "मला तर कॉलेजचं बोलावणं आलं होतं."

"केस कापायला?"

"चेष्टा नाही. ओहायोतलं कुठलंसं कॉलेज. फोनवर एवढा मोठा निरोप. तुझा डाव्या हाताचा पास मी विसरू शकत नाही म्हणे." ती खो खो हसली. "डावा हात! मला डाव्या हातानं नीट जेवता येत नाही. हे लोक सगळ्यांनाच पाठवत असणार."

स्टॅम्पर हसले नाहीत. त्यांनी हळूच विचारलं, "कधी आला होता?"

"जुलै संपताना. मी लगेच कळवलं, आभारी आहे, पण मला पुढे खेळायचं नाही. आई म्हणते, उत्तर द्यावं, माणसाला ताटकळत ठेवू नये. काय झालं, कोच?"

काही नाही म्हणून त्यांनी तिच्या फोनवरचा निरोप आणि नंबर उतरवून घेतला आणि तिला वर्गात पाठवलं. मग कपाटातून पुस्तिका काढली. आपल्या संघाचं पान त्यांनी स्वतःच भरून पाठवलं होतं. बारा, रेलिन स्लोन. चौतीस, शेल्बी औस्ली. वर्गात ते मुलांना नेहमी सांगत, उत्तर चुकलं तर शेवटच्या पायरीपासून मागे या, चूक कुठेतरी उभी असतेच. त्यांना फार मागे जावं लागलं नाही.

निरोपाखाली नाव होतं ग्वेन हॅडली. त्यांनी शाळेच्या फोनवरून नंबर लावला. बाईंनी चटकन ओळखलं. चौतीस नंबर आपण विसरलो नाही, तिचा नकार आला तेव्हा दोन दिवस वाईट वाटलं, असं त्यांनी आपणहून सांगितलं. स्टॅम्परांनी झालं ते सरळ सांगितलं. पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला.

"माझ्याकडे एकच जागा होती, मिस्टर स्टॅम्पर," बाई म्हणाल्या. "आठवड्यानं मी ती इंडियानातल्या एका मुलीला दिली. ती हो म्हणाली."

ती जागा परत घेता येईल का, हे त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण इंडियानातल्या त्या मुलीनंही घरी कुणाला तरी मिठी मारून सांगितलं असेल. त्यांनी शब्द गिळला.

बाईंनी विचारलं, "तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"बोलायला मनाई होती ना, बाई."

"माझ्याशी होती. पण दारावर टेबल असतं. जर्सी बदलली की तिथे सांगायचं. ते सगळ्या कोचांना फोनवर कळवतात." मग त्यांचा आवाज उतरला. "हे कुणी सांगितलं नाही का तुम्हाला?"

"मी विचारलं नाही," स्टॅम्पर म्हणाले.

इतर दोन-तीन कॉलेजांकडे शब्द टाकते, असं बाईंनी कबूल केलं. पण या महिन्यात जागा उरलेल्या नसतात, हे दोघांनाही ठाऊक होतं.

त्या रात्री त्यांच्या बायकोनं, आयर्मानं, एकच प्रश्न विचारला. तुम्ही सांगितलं नाहीत तर मुलीला कळणार तरी कसं, मग उगाच दुखवायचं कशाला? शेल्बी तर आठवड्यात विसरेल. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. पण न सांगितलं तर रेलिन जन्मभर समजणार होती की आपण कुणाला दिसण्याइतक्या चांगल्या नव्हतोच. आणि तिचा कोच, ज्यानं तिच्या प्रत्येक चुकीवर तिला थांबवून दाखवलं होतं, तो तेवढा स्वतःच्या चुकीपुरता गप्प बसणार होता.

दुसऱ्या दिवशी जिममध्ये त्यांनी तिला बाकावर बसवलं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. कुठेही गाळलं नाही.

ती चेंडू मांडीवर धरून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "एवढंसं सांगायचं राहिलं?"

"एवढंसंच. माझ्याकडून."

"शेल्बीला आलं," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा असा झाला की हसू येतंय की रडू, हे कळेना. "शेल्बीला, कोच."

 समजूत घालण्याचा हक्क आज आपल्याला नाही, एवढं स्टॅम्परांना समजत होतं. ती उठली, चेंडू भिंतीवर जोरात आपटला, तो परत आला, पुन्हा आपटला. जिमभर आवाज घुमला. मग पाठमोरी उभी राहून तिनं विचारलं, "काय लिहिलं होतं त्या बाईंनी? नेमके शब्द सांगा."

"तुझा डाव्या हाताचा पास मी विसरू शकत नाही."

 ती पिशवी उचलून निघून गेली, आणि आठवडाभर जिममध्ये आली नाही.

आली ती सोमवारी, शाळा सुटल्यावर. धुतलेल्या बारा नंबरच्या जर्सीची घडी तिनं त्यांच्या टेबलावर ठेवली; बसायला वेळ नव्हता. धुलाईखान्यात संध्याकाळची पाळी धरली होती, आणि पहिलाच दिवस होता. बाबांना सगळं सांगितलं, म्हणाली.  ते एवढंच म्हणाले, कोचला म्हणावं, गार पाणी आणि मीठ. गरम पाणी लागलं असतं तर डाग जन्मभर बसला असता.

"सरावाला येशील?" स्टॅम्परांनी विचारलं.

"सकाळी. पाळी संध्याकाळची आहे," ती म्हणाली. दारापर्यंत गेली आणि वळली. "हिवाळ्यात बारा नंबर मलाच ठेवा."

ती गेल्यावर त्यांनी टेबलावरची घडी हातात घेतली. रुग्णालयात चादरींची घालतात तशी चौकोनी घडी होती, कोपऱ्यावर कोपरा. त्यांनी ती उलगडून खिडकीशी नेली. रक्त कुठे पडलं होतं ते त्यांना पक्कं आठवत होतं, एकाच्या शेजारी, दोनच्या पोटाशी. उजेडाकडे धरून त्यांनी कापड पुनःपुन्हा फिरवलं, बोटानं चाचपलं. तिथे काहीच नव्हतं.