विहिरीत शिकलेली पकड

मी एक पकड बोलतेय. पकड म्हणजे तुमच्या ओट्यावरची सांडशीच, फक्त दांडा तीस फुटांचा. ती दुधाचं पातेलं उतरवते, मी अणुवीजघरातलं वापरून झालेलं इंधन उचलते. माणसाचा हात भाजू द्यायचा नाही, हे काम दोघींचं सारखंच.

माझा जन्म इंदूरचा, तुकोगंजात जयसिंगरावांच्या वर्कशॉपमधला. त्यांचे पणजोबा होळकरांच्या तोफखान्यात होते, हे दर तिसऱ्या वाक्याला कळायचं. तोफा गेल्या, पणतू पंप दुरुस्त करतात.

तेव्हा लांबच्या एका वीजघरात अपघात झाला होता. वापरलेल्या इंधनाच्या नळ्या खोल हौदात पाण्याखाली ठेवतात. त्या हौदात छताची तुळई कोसळली. नळ्या शाबूत राहिल्या, पण त्यांच्या वरच्या मुठी वाकल्या, आणि नेहमीचा आकडा अडकेना. म्हणून मी. उचलताना नळी पडून फुटली, तर तिच्यातलं विष पाण्यात, हवेत आणि काठावरच्या माणसांत.

काठावर उभा राहणार होता श्रीकृष्ण. वर्कशॉपचा फोरमन, माझा कर्ता. त्याची मुलगी मंजिरी अकरा महिन्यांची, आणि बायको सुलोचना अशी, की मुलगी झोपली तरी दर दहा मिनिटांनी तिच्या नाकापुढे बोट धरून बघणारी.

"काही होत नाही गं," श्रीकृष्ण म्हणाला. "नळ्या पाण्यात असतात."

"मंजूपण घंगाळात असते. म्हणून मी पाठ फिरवते का?"

माझी तालीम वर्कशॉपमागच्या विहिरीत झाली. तळाशी शिसं भरलेल्या लोखंडी नळ्या सोडल्या होत्या. माझा जबडा साधा: जितकं वजन जास्त, तितका तो घट्ट. मला त्याचा गर्वच होता. पहिल्या दिवशी दोन नळ्या सुटल्या. दुसऱ्या दिवशी तीन. वर येताना नळी विहिरीच्या दगडाला घासायची, आणि धब्ब.

जयसिंगराव वाकून बघत म्हणाले, "पकड एकदम बढिया आहे, भिया. विहीर टेढी आहे."

निघायला तीन दिवस उरले, तेव्हा श्रीकृष्णानं माझा जबडा दांड्यापासून काढला, गोणपाटात गुंडाळला आणि घरी नेला. सुलोचनानं मला ओट्यावर जागा दिली, पण आधी विचारलं, "ही त्या नळ्यांना लागलेली नाही ना?"

"अगं, अजून विहिरीबाहेर गेली नाहीये ती."

तिनं तरी मला दोनदा पुसलं. मग दूध उतरवायला घेतलं. सांडशीनं पातेलं धरलं आणि सांडशीच्या दांड्यांवर एक लोखंडी कडी सरकवून गच्च बसवली. श्रीकृष्ण हसला. "बघ, दुधाला हातकडी. चोरी केली का त्यानं?"

"जास्तच करते मी, माहीत आहे मला," ती ओशाळून म्हणाली. "पण पातेलं काठाला टेकलं ना, की सांडशी ढिली पडते. एकदा सांडलंय. खाली मंजू नव्हती म्हणून."

"टेकलं की?"

"हो मग. वजन जातं ना हातातलं."

त्यानं चहाची बशी खाली ठेवली. "परत करून दाखव."

तिनं दाखवलं. कडीशिवाय पातेलं काठाला टेकलं, सांडशी उघडली. कडी लावून टेकलं, उघडली नाही. चार वेळा झालं. दुधावर साय धरली, ती मंजिरीनं खाल्ली. तीस फुटांची मी, आणि माझा गुरू निघाला वीतभर.

दुसऱ्या दिवशी माझ्या गळ्यात पोलादी कडी आली, वरून तारेनं ओढून बसवायची. विहिरीत बावीस वेळा नळी मुद्दाम दगडावर आपटली. एकदाही सुटली नाही. तोफखान्यात अशीच कडी असायची, असं जयसिंगरावांना तेव्हाच आठवलं. सुलोचना मंजिरीला कडेवर घेऊन विहिरीपासून पंधरा पावलं लांब उभी होती.

"अजून एकदा आपटा ना," ती म्हणाली.

आपटली.

"अजून एकदा."

"आता विहीर फुटेल, सुलू."

वीजघरात अकरा दिवसांत एकोणीस नळ्या काढल्या. चौदावी वर येता येता मोडक्या तुळईला टेकली. माझ्या जबड्यातलं वजन गेलं, आणि खरं सांगते, मी ढिली पडलेच होते. कडीनं पडू दिलं नाही. श्रीकृष्णानं वरून तार आणखी ओढून धरली. "टेकली," तो कुणाकडेच न बघता म्हणाला, "पण सुटली नाही."

शेवटची नळी पाण्याखालीच जाड शिशाच्या पेटीत गेली. मग श्रीकृष्णाला न्हाऊमाखू घातलं, हात, पाय, केस यंत्रानं तपासले आणि घरी सोडलं. मला नाही सोडलं. मी त्या नळ्यांशी फार सलगी केली होती.

काँक्रीटच्या खड्ड्यात मला उतरवताना तो लांब उभा राहून सवयीनं म्हणाला, "चल, येतो." मग थांबला. "नाही. येत नाही, हां."

तेव्हापासून मी इथे आहे. माझ्यासारख्या वस्तू शेवटी तुम्हाला विनवतात, टाकू नका, गंजू देऊ नका, अधूनमधून हात लावा. माझं उलटं आहे. मला हात लावू नका, आठवण आली तरी येऊ नका. झाकणावरची पाटी पुसट झाली, तर ज्याचं काम आहे त्याला रंगवायला सांगा. तुम्ही ती लांबूनच वाचा आणि घरी जा.