आईचं रिव्हॉल्व्हर

"ही पट्टी मुठीवर बसव," दादा म्हणाला आणि त्यानं पितळेची चकचकीत पट्टी माझ्या कामाच्या टेबलावर ठेवली. मी चष्मा लावून वाचलं: वडिलांच्या शौर्याची आठवण.

"कुणाचं शौर्य?"

"बाबांचं. आणखी कुणाचं?"

वा रे वा! आमचे बाबा स्वभावानं गरीब माणूस, पण शौर्य? जन्मभर खिडकीत बसून पत्ते पिसले. घरात पाल निघाली तरी आईला हाका मारायचे. हे रिव्हॉल्व्हर आईचं. सव्वीस वर्षं ती कारखान्याच्या फाटकावर ते कमरेला लावून पहाऱ्याला उभी राहिली. तिच्या त्या उभं राहण्यावर आम्ही दोघं जेवलो, शिकलो, माणसांत आलो. आणि आता दादाच्या दिवाणखान्यात ते बाबांचं होणार!

"रविवारी व्याही येताहेत," दादा आवाज खाली आणून म्हणाला. "आई फाटकावर पहारेकरी होती, हे सांगू त्यांना? लोक काय म्हणतील?"

"काय म्हणायचंय ते म्हणू देत."

"तुला काय जातंय बोलायला! बसव गुपचूप."

माझं डोकं सणकलं. पण त्याहून जास्त राग आला तो माझा मलाच. कारण तीन आठवडे राबून पुरावा मीच पुसला होता. आई डावखुरी. तिच्या अंगठ्यानं मुठीची उजवी बाजू घासून घासून खोलगट झाली होती. उजव्या हाताच्या माणसाची झीज डाव्या बाजूला पडते, हे आमच्या बंदूकदुरुस्तीच्या धंद्यातलं कुणीही सांगेल. दादा म्हणाला होता, "नवंकोरं कर." मला वाटलं, आईची वस्तू आहे, जीव लावून करू. मुठीचं लाकूड घासून सपाट केलं, त्याला तेल पाजलं. नळीवरचा गंज काढून निळा-काळा मुलामा पुन्हा चढवला. काम इतकं देखणं झालं की मीच माझ्यावर खूश! तेव्हा हात झडले असते तर बरं झालं असतं.

"मी नाही बसवणार पट्टी."

"नको बसवूस. बाजारात छप्पन्न कारागीर आहेत." दादानं खुंटीवरचा आईचा कातडी पट्टा होल्स्टरसकट ओढला. "हाही नेतो. भिंतीवर शोभेल."

वहिनी दारात उभी होती. म्हणाली, "अहो, बांधून तर बघा."

दादानं पोट आत घेऊन पट्टा बांधला. होल्स्टर डाव्या कमरेचं. त्यानं ते ओढून उजवीकडे आणलं आणि रिव्हॉल्व्हर खुपसलं, तर मूठ पुढे तोंड करून बसली. हात उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. जमेना.

वहिनीला हसू आवरेना. "सासूबाई असत्या तर पाठीत धपाटा घातला असता!"

"हसायला काय झालं?" दादा लालबुंद झाला. "पट्टाच धड नाही. बकल जेमतेम शेवटच्या भोकात लागतंय, आणि भोक हे असं वेडंवाकडं. ज्यानं पाडलं त्याला अक्कल नव्हती."

आता मात्र मला राहवेना.

"आईनं पाडलंय ते. खिळा ठोकून. पोट वाढलं, पट्टा पुरेना, म्हणून. आठव्या महिन्यापर्यंत फाटकावर उभी होती ती."

"तुझ्या वेळी?"

"माझ्या वेळी रजा मिळाली तिला. तुझ्या वेळी, दादा."

दादानं आत घेतलेलं पोट सोडलं.

"मला कधी बोलली नाही," तो पुटपुटला.

"तू विचारलंस कधी?"

त्याचा हात त्या भोकावर गेला आणि तिथंच राहिला. वहिनी हसायची थांबली. थोड्या वेळानं दादानं होल्स्टर धरलं आणि हळूहळू सरकवत डाव्या कमरेवर नेलं.