चादरीआडची दिवटी

नियमाला नावं ठेवत ठेवत रविराजनं उपासनाला कितीदा तरी चहा पाजला होता. चहा संपायचा, नियम तसाच उरायचा.

नियम साधा होता. गडाच्या पायथ्याच्या त्या गावात पुढच्या गल्लीनं दोन मजल्यांच्या वर चढायचं नाही. मागच्या गल्लीतून गड दिसला पाहिजे. रविराजचा प्लॉट नेमका पुढच्या गल्लीत. मच्छे गावच्या कारखान्यात सुपरवायझर झालेला, शहरात टिळकवाडीला भाड्यानं राहणारा हा गडी तिसऱ्या मजल्यासाठी हटून बसला होता.

"गड काय पळून जातोय व्हय?" तो म्हणाला.

त्याच्या आईबापाचं घर प्लॉटच्या बरोबर मागं, मागच्या गल्लीत; उपासना त्यांच्या शेजारची पोरगी, आता नगररचना खात्यात इंजिनिअर. ती म्हणाली, "अण्णा, तिसऱ्या मजल्याएवढे बांबू उभे कर, मधी कापड ताण. उद्या नवरात्राची पहिली माळ हाय, समदी गडाकडं बघत्यात. मागच्या गल्लीतनं कुणाची हरकत आली न्हाय, तर तुझा अर्ज मी वर पाठवते."

कापडावरून निम्मा दिवस गेला. आपल्या सीमाभागात कुठलाही रंग उंच बांधला की तो कुणाचा तरी झेंडा ठरतो, आणि मग मराठी-कानडी दोन्ही भाषांतले पुढारी दारात हजर. शेवटी रविराजची आई शालूबाई, तिनं ट्रंकेतल्या चौकटीच्या जाड चादरी काढून दिल्या. चौकटींना अजून कुठला पक्ष लाभलेला नाही. देताना ती काही बोलली नाही. लेकाचं घर होत होतं, मग आई कशाला तोंड उघडते!

पहिल्या माळेला गडावरची दीपमाळ पेटवायचा मान रविराजच्या वडलांचा, रवळूआप्पांचा. यंदा त्यांचे गुडघे कुरकुरत होते, म्हणून शालूबाईनं लेकाला सोबत धाडलं. एरवी हा पठ्ठ्या सणाला यायचा तो थेट पानावर.

दिवसभरात कुणाचीच हरकत आली नाही. रविराज खुशीत गड चढला. दीपमाळ पेटली. "चला आप्पा, अंधार पडतोय."

आप्पा तटावर बसून राहिले. "थांब जरा. तुझी आई अजून दिसली न्हाय."

"आई? हितनं?"

"ओट्यावरनं दिवटी दाखवती. तू पोटात हुतास तवापास्नं. मी म्हणालतो, वर दिवा दिसला की समज, मी पोचलो. तर म्हणती कशी, मग मी बरी हाय हे तुमाला कसं कळायचं? तवापास्नं दिवटी बघितल्याबिगार उतरलो न्हाय."

रविराजनं खाली पाहिलं. गावच्या दिव्यांमध्ये एक काळा चौकोन होता. त्यानंच ताणून बांधलेला.

"फोन लावतो की आईला."

"फोन कुणीबी उचलतंय रं. दिवटी तीच धरती."

रविराजनं फोन लावला तो उपासनाला. "चादरी काढ. आत्ताच्या आत्ता."

"का रं? हरकत न्हाय कुणाची. काकू तर दिवटी धरून गप उभ्या हायत. हात भरून आलाय, तरी खाली घेईनात."

"माझी हरकत हाय," रविराज म्हणाला. "लिवून घे."

थोड्या वेळानं तो काळा चौकोन खाली घसरला आणि मागं एक पिवळा ठिपका दिसला.

"आली बघ," आप्पा म्हणाले, आणि गुडघ्यावर हात टेकून उठले.

उतरताना त्यांचा दंड धरून चालणाऱ्या रविराजचे डोळे वाहत होते. इतके दिवस ज्या नियमाला तो शिव्या देत होता, तो कुणी केला हे त्याला माहीत नव्हतं. पण त्या अनोळखी माणसाचं भलं होवो, असं तो अगदी मनापासून म्हणाला. देवीला हात जोडायचे राहिले होते, तेही त्यानं वाटेतच जोडले.

घरी पोचले तेव्हा शालूबाई ओट्यावर तशीच उभी होती, दिवटी वर धरून.

"आई, अगं आप्पांना दिसली कवाच. खाली घ्यायची की."

"यंदा दोघं गेलतासा न्हवं," शालूबाई म्हणाली. "मग जरा जास्त येळ धराय नको?"