दादाकडून, थेंब थेंब

कपाटामागून ओढून काढलेली राखाडी केबल, तिला चिकटून आलेलं कोळ्याचं जाळं.

तळ्याच्या काठानं टोपी सावरत चालणारी एक बाई, जी आता नाही.

दोन वर्षं न लावलेला नंबर.

"पूर्वी तारसुद्धा याच्याहून लवकर यायची, जावईबापू."

तारेची आठवण काढणारे सासरे खिडकीपाशी आरामखुर्चीत होते आणि जावई टेबलाखाली पोटावर पडून राउटरचे दिवे बघत होता. ब्रॉडबँड बसवणं हा त्याचा धंदा. गल्लीतल्या निम्म्या घरांत इंटरनेट त्याच्या हातून आलेलं, म्हणून सगळे त्याला वायरमन म्हणत. आणि त्याच्याच घरी, एवढ्या उत्तम लाईनवर, एक फाइल सकाळपासून गोगलगायीच्या चालीनं उतरत होती.

"दिव्याखाली अंधार," बायको शिलाई मशीनवरून म्हणाली. "लोकांकडे जाऊन काय करता देव जाणे."

"लोकांकडे मधेमधे बोलायला बायको नसते."

"असते. तिथं चहा मिळतो म्हणून मुकाट ऐकून घेता."

फाइलीत सासूबाई होत्या. घरातल्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी दादानं, म्हणजे बायकोच्या थोरल्या भावानं, कॉम्प्युटरवर उतरवल्या होत्या. कुठल्या कंपनीच्या ताब्यात आईला द्यायचं नाही, असा त्याचा हट्ट, म्हणून टॉरेंट. थोडी फाइल दादाकडून घ्यायची, थोडी ज्यानं आधी घेतली त्याच्याकडून. चुलत-मावस भावंडांनी घेतली आणि आपलं झाल्यावर दारं लावून घेतली, पुढे कुणाला द्यायचं बंद. बायको मात्र "आपलीच आहे, घेऊ सावकाश" म्हणत राहिली. मग बाबा आजारी पडले, दादा लांबून व्हिडिओ कॉलवर सल्ले द्यायला लागला आणि ती बोलून गेली, "पडद्यावरून मुलगा होता येत नाही, दादा." त्यानं फोन ठेवला. त्यानंतर ना इकडून फोन, ना तिकडून.

आता बाबांची नजर उतरत चालली होती. डॉक्टर आडवळणानं म्हणाले होते, काय बघायचं ते बघून घ्या. बाबांना फक्त आपली बायको चालताना बघायची होती.

वायरमननं वायफाय सोडून केबल थेट जोडली. वेग तपासला, भरपूर. राउटर बंद करून चालू केला. बाहेरून येणाऱ्यांसाठी राउटरमध्ये जी वाट लागते ती उघडून दिली. आपल्याकडून जाणाऱ्या वेगावरची मर्यादा काढली. शेवटी भलतंच एक फुकटचं टॉरेंट लावून पाहिलं. ते चहा निवायच्या आत उतरलं. म्हणजे लाईनीत खोट नव्हती.

मग त्यानं देणाऱ्यांची नावं उघडली. देणारा एकच होता.

दादाकडून येणाऱ्या वेगाचा आलेख बघताना त्याचं तोंड उतरलं. खराब लाईन थरथरते, उसळते, बसते. ही रेघ ताणून बांधलेल्या दोरीसारखी सरळ होती. तिकडून कुणीतरी मुद्दाम आवळली होती. हे बायकोला कसं सांगायचं, या विचारात तो उगाचच केबल पुसत बसला.

"सुतकी चेहरा करू नका. काय सापडलं?"

"देणारा एकच आहे. दादा."

मशीन थांबलं. "म्हणजे अजून चालू ठेवलंय त्यानं?"

"ठेवलंय. पण हात आखडता घेतलाय. मर्यादा घातलीय वेगावर."

"आईवर रेशन?" ती उठली. फोन हातात घेतला.

"राग उतरला की लाव ना."

"राग उतरला तर लावणारच नाही मी."

तिनं नेटवरूनच कॉल लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"दादा, तुझा स्पीड फार कमी आहे."

"मीच ठेवलाय कमी."

"का? आम्ही काय घोडं मारलंय तुझं?"

"माझ्याकडची लाईन किती बारीक आहे, ठाऊक आहे ना तुला? फाइल जोरात सोडली की कॉल तुटतो."

"कुणाचा कॉल?"

"तुझा." दादानं घसा खाकरला. "म्हटलं, तू एकदा लावलास आणि आवाज तुटला, तर परत लावायची नाहीस."

बायको मशीनच्या स्टुलावर बसली. शिवायला घेतलेला परकर तिनं विनाकारण घडी करायला घेतला. वायरमन टेबलाखालून बाहेर आला नाही. माणसाबद्दल वाईट मनात आणलं की निदान थोडा वेळ तरी खाली राहावं.

"त्याला विचार, जेवलास का," खुर्चीतून बाबा म्हणाले.

"दादा, बाबा विचारतायत जेवलास का. आणि ती मर्यादा काढ आता."

"काढली तर आपलं बोलणं तुटेल."

"तुटू दे. मी परत लावीन."

रेघ उभी चढली. दादाचा आवाज आधी चिरका झाला, मग तुकड्यातुकड्यांनी आला, मग गेलाच. तिनं परत लावला. परत गेला. तिनं परत लावला. उजेड होता तोवर फाइल उतरली, आणि बाबांनी खुर्ची पडद्याला नाक लागेल इतकी पुढे ओढून घेतली.

ती मर्यादा दादानं भांडणाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी घातली होती.