बिनगाठीची शिवण

एस्त्रेयाने दारातच कोटावरचे पांढरे दोरे झटकले, सुई टोचलेला अंगठा चोखला आणि मगच घंटी वाजवली.

रेईना मावशींनी दार उघडलं. वय शहाऐंशी, छातीत पाणी झालेलं. डॉक्टरांनी जिना चढायला बंदी केली होती आणि बाईंनी ती जमेल तितकी मोडली होती.

"दफनभूमीकडे चालले होते, म्हटलं चीज भरलेले बोरेकास देऊन जावं. गरम आहेत."

"ठेव. कोण गेलं?"

"कुणी नाही हो." एस्त्रेयाने जीभ चावली.

"मग बाहीवर दोरा कसला? पडदे शिवतेस का?"

हातातली पिशवी पायामागे सरकवून एस्त्रेया खाली बसली. काल संध्याकाळी फोर्तुना गेली होती आणि तिचं कफन शिवायला बसलेल्या चौघी बायकांनी एकमेकींना शपथ घातली होती, की दफन होईपर्यंत मावशींना कळू द्यायचं नाही. बल्गेरियातल्या रूसे शहरातल्या ज्यूंची कफनं बावन्न वर्षं मावशीच शिवत आल्या होत्या. स्वतःसाठी शिवलेलं कफन मात्र त्यांनी तीनदा दुसऱ्याला देऊन टाकलं. कुणी अचानक जायचं, दफन लगेच, शिवायला वेळ नाही, की मावशी कपाट उघडायच्या. आता कपाटात चौथं होतं. हात इतके थरथरायचे की पाचवं काही त्यांच्याकडून होणार नव्हतं. निदान हे तरी त्यांचं त्यांना लाभू दे, एवढंच बायकांचं म्हणणं होतं. जीव होता सगळ्यांचा त्यांच्यावर.

"पिशवीत काय दडवलंयस? दाखव."

मावशींनी कफनाचा अंगरखा मांडीवर पसरला, मापावरूनच तो फोर्तुनाचा हे ओळखलं, शिवणीवरून बोट फिरवलं आणि खोकला येईपर्यंत हसल्या.

"अगं, इथे गाठ, तिथे गाठ! फोर्तुना जन्मभर सासरच्या कचाट्यात. आता जातानाही बांधूनच पाठवता का तिला?"

कफनाला गाठ मारायची नसते, जाणाऱ्याने कशात अडकू नये म्हणून. चौघींना हे चांगलं ठाऊक होतं; जन्मभर बटणं लावत आलेल्या त्यांच्या हातांना ठाऊक नव्हतं.

"उसवते मी."

"दुपारीच दफन असणार. उसवणार कधी, शिवणार कधी?"

मावशी भिंतीला धरत कपाटाशी गेल्या.

"नका ना, मावशी. ते तुमचं आहे."

"फोर्तुना माझ्याच मापाची आहे."

"आणि तुम्हाला काय?"

"तू शिवशील. बिनगाठीचं. मी शिकवते. तोवर कुठे जात नाही मी. असल्या गाठोड्यात तर मुळीच नाही."

मग दर मंगळवारी एस्त्रेया लिननचं कापड घेऊन येऊ लागली. मावशी शिव्या घालायच्या, उसवायला लावायच्या, चहा पाजायच्या. डॅन्यूबवरचा बर्फ वितळेपर्यंत इजार झाली, टोपी झाली, अंगरख्याची एक बाही तेवढी उरली.

त्या मंगळवारी मावशी खिडकीशी शाल पांघरून पेंगत होत्या. एस्त्रेयाने बाहीचा शेवटचा टाका घातला. टाके सरळ होते, मोकळे होते, मावशींच्या हातचे वाटावेत असे.

"झालं का गं?" मावशींनी डोळे न उघडताच विचारलं.

एस्त्रेयाने त्यांच्याकडे पाहिलं. सुटा दोरा बोटाभोवती घेतला आणि सावकाश, घट्ट गाठ मारली.

"नाही हो. परत गाठ पडली. उसवावं लागणार."

"अडाणी कुठली," मावशी म्हणाल्या आणि शाल गळ्यापर्यंत ओढून घेतली. "ये मग पुढच्या मंगळवारी."